सतारीची मींड आणि बासरीचा दम

पत्र:

ताई,
मी कराडला राहते, वय २४. बासरी शिकते. माझा आतेभाऊ सतार वाजवतो, त्याला मी दादा म्हणते. वयानं मोठा आहे आणि तयारीतही माझ्या पुढे आहे. गुरुपौर्णिमेला आम्ही पहिल्यांदाच एकत्र बसून यमन वाजवला. माझी बासरी पांढरी तीनची, त्याची सतार काळी एकची, म्हणजे पेटीच्या पट्ट्यांप्रमाणे आमचे षड्जच वेगवेगळे. शेवटी त्यानं बारीक तार लावून सतार पांढरी तीनला चढवली. तार टिकली, पण सतारीचा आवाज पातळ झाला आणि तरफा (खालच्या, आपोआप झंकारणाऱ्या तारा) बोलेनात, असं तो म्हणतो. कार्यक्रमानंतर लोक भेटले ते म्हणाले, आलापात नुसती बासरीच ऐकू आली आणि झाल्यात, म्हणजे शेवटच्या जलद भागात, बासरी कुठे गेली ते कळलंच नाही. तेव्हापासून दादा धुसफुसतोय. “तू मला दाबून टाकतेस.” मी तर किती जपून फुंकत होते! आता कोजागरीला एका सोसायटीच्या गच्चीवर आम्हाला चाळीस मिनिटं मिळाली आहेत. दादा सतारीला पिकअप (वाद्यालाच चिकटवायचा छोटा माईक) लावायचा म्हणतोय. आई म्हणते, ही दोन वाद्यं मुळात जमतच नाहीत, वेगवेगळी वाजवा. मी काळी एकची बासरी घेऊ का? की दादानं मला सांभाळून घ्यायला हवं? नक्की कोणी वाकायचं?
— बासरीवाली, कराड

उत्तर:

प्रिय बासरीवाली,

आईची शंका आधी घेते, कारण ती खरी असती तर पुढचं काही लिहायलाच नको होतं. वाद्यं जमतात. उस्ताद बिस्मिल्ला खाँची सनई आणि उस्ताद विलायत खाँची सतार यांची जुगलबंदी ऐकवा तिला. सनई नगारखान्यात, उघड्या हवेत वाजत आलेलं वाद्य. सतार बैठकीतली. नुसत्या जोराची तुलना केली तर सतारीचा निभाव लागायचं कारण नाही. पं. शिवकुमार शर्मांचं संतूर आणि पं. हरिप्रसाद चौरसियांची बासरी ही जोडी घे. संतुराचा सूर कलमांच्या आघातातून निघतो आणि लगेच विरू लागतो, त्यावर गळ्यासारखी मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, घेता येत नाही. बासरी म्हणजे अखंड, वळणारा सूर. याहून विजोड जोडी सुचवणं कठीण. आणि तिनं किती वर्षं लोकांचे कान तृप्त केले!

तेव्हा वेगवेगळं वाजवू नका. पण तुम्ही दोघं आवाजावरून वाद घालताय आणि अडचण वेळेत आहे. हे एकदा नीट कळलं की बाकीचं बरंचसं आपोआप सुटेल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नखी तारेवर पडते तो क्षण सतारीचा सगळ्यात मोठा. तिथून पुढे आवाज उतरतच जातो. आणि मींड असते ती नेमकी या उतरत्या आवाजात, कारण आघात आधी होतो आणि तार ओढली जाते नंतर. दादा निषादावर नखी मारून तार षड्जापर्यंत ओढतो, तेव्हा षड्जाला पोचेपर्यंत मूळ आवाजातला थोडाच अंश उरलेला असतो. सतारियाची सगळी मेहनत, सगळी नजाकत त्या थोड्या अंशात असते. तुझ्या वाद्याचं याच्या उलट आहे. फुंक लागते, सूर सावकाश भरतो आणि दम असेपर्यंत टिकतो. वाटलं तर मध्येच वाढवताही येतो. म्हणजे तुझा सूर भरू लागतो त्याच वेळी दादाची मींड विरत असते. तू अर्ध्या फुंकीनं वाजवलंस तरी ती मींड बुडणारच. म्हणून तू जपून वाजवत होतीस हे खरं आहे, आणि तो दाबला गेला हेही खरं आहे. दोघांपैकी कोणी खोटं बोलत नाही, हे त्याला माझ्या नावानं सांग.

पिकअपचा उपयोग होणार नाही तो याच कारणानं. आवाज वाढवला की आघातही वाढतो आणि शेपूटही वाढतं. दोहोंतलं अंतर होतं तेवढंच राहतं. श्रोत्याला नखीचा टणत्कार जास्त टोचतो, आणि मींड तुझ्या सुराखाली होती तिथेच राहते. शिवाय तरफांचा जो गुंजारव सतारीभोवती तरंगत असतो, तो पिकअपमध्ये नीट येत नाही, असं माझं ठाम मत आहे. चांगला माईक तबलीपासून (भोपळ्यावरच्या लाकडी पाटापासून) वीतभर अंतरावर ठेवा, तेवढा पुरे.

यावर उपाय एकच आहे, आणि तो दोघांनी मिळून करायचा आहे: दादाची मींड चालू असताना तू गप्प राहायचं. एखादा क्षण थांबून पुन्हा सुरू करणं म्हणजे गप्प राहणं नव्हे. त्याचा शेवटचा सूर तुझ्या कानातून जाईपर्यंत थांबायचं. सुरुवातीला हे थांबणं फार लांब वाटेल. आपण काहीच करत नाही, लोक आपल्याकडे बघताहेत, असं होईल. तरी थांब. रोजच्या रियाजात दहा मिनिटं एवढंच करा: त्यानं एकच मींड घ्यायची, तू ती पूर्ण विरू द्यायची आणि मग तिच्या शेवटच्या सुरावरूनच फुंक सुरू करायची. दोन आठवड्यांत तुझ्या लक्षात येईल की त्याच्या तारेतून विझत आलेला सूर तू हातात घेऊन पुढे नेऊ शकतेस. दुसरी सतार हे करू शकणार नाही, कारण तिला पुन्हा आघात करावा लागेल. तुझ्या फुंकीला सुरुवातीचा ठोका नसतो. सतारीशेजारी बासरी का असावी, याचं मला दिसणारं सगळ्यात सुंदर कारण हेच.

तू सूर लांबवशील तेव्हा दादानं काय करायचं? मध्ये सुरावली भरायची नाही. चिकारीचा (कडेच्या, ठोक्यासाठीच्या उंच तारांचा) एखादा हलका ठोका, तरफांवरून एकदा नखी, बस. तुझा गांधार उभा आहे आणि त्याच्या मागे तरफा झणझणून शांत होताहेत, एवढं त्या सुराला पुष्कळ आहे.

आता षड्जाकडे येते, कारण तू विचारलेला प्रश्न तिथला आहे. काळी एकवरून पांढरी तीन म्हणजे तीन अर्धे सूर. तीच तार एवढी चढवायची तर तिच्यावरचा ताण जवळजवळ ४१ टक्क्यांनी वाढतो. म्हणून दादाला बारीक तार लावावी लागली, आणि बारीक तारेचा आवाज पातळच येणार. तरफाही त्या मानानं चढवाव्या लागतात. त्या पूर्ण चढल्या नाहीत तर गप्प बसतात. त्याची तक्रार अगदी योग्य आहे. पुन्हा असं करू नका.

काळी एकची बासरी घेण्याला मी नको म्हणणार नाही, पण आधी हात पसरून बघ. पांढरी तीनची बासरी साधारण तीस इंचांची असते. काळी एकची त्याहून पाच-सहा इंचांनी लांब, पोकळीनं मोठी, आणि भोकांमधलं अंतर असं की खालच्या हाताची अनामिका ताणून ताणून दुखते. मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, दमही जास्त लागतो. तीन महिन्यांत तिच्यावर हात बसवून कोजागरीला वाजवायचं म्हणजे घाई होईल. माझं म्हणणं, पांढरी दोनवर भेटा. तू दोन अर्धे सूर खाली ये, दादानं एकच अर्धा सूर वर यावं. त्याच्या तारेवरचा ताण तेव्हा १२ टक्क्यांच्या आसपासच वाढेल. तेवढा सतार सोसते. तार जुनी झाली असेल तर आधी बदलून घ्यायची. ताण बदलला की जवारीही, म्हणजे घोडीवर तारा टेकतात तो घासलेला भाग, एकदा बघून घ्यावी लागते. कराडहून मिरज काही लांब नाही. तिथल्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून सगळीकडचे वादक जवारीसाठी मिरजेला जात आलेत. दादानं कारागिराला स्पष्ट सांगावं की बासरीबरोबर वाजवायचं आहे, जवारी जरा खुली ठेवा. गोल, बंद जवारीचा आवाज एकट्या सतारीला शोभतो. बासरीशेजारी खुल्या जवारीची झणझण स्वतःची जागा राखते.

तूच जास्त का वाकायचं? कारण तुला दुसरी बासरी घेता येते, त्याला दुसरी सतार घेणं तेवढं सोपं नाही. वेगवेगळ्या पट्टीच्या बासऱ्या जवळ ठेवणं हा बासरीवाल्यांचा रिवाजच आहे. ही बासरी पुढे वाया जाणार नाही.

सप्तकांचा विचारही एकदा कागदावर करून ठेवा. तुझी बासरी मंद्र पंचमाच्या खाली जात नाही; सगळी भोकं बंद केलीस की तिचा तळ आला. दादाच्या सतारीला जोडीच्या तारेवर मंद्र षड्ज आहे, आणि खरजाच्या तारा असतील तर त्याहून बरंच खाली जाता येतं. तो सगळा मुलूख त्याचा एकट्याचा. आलाप त्यानं तिथूनच सुरू करावा आणि तू चांगली सात-आठ मिनिटं बासरी मांडीवर ठेवून ऐकावंस. वरच्या बाजूला उलट आहे. तार सप्तकात बाजाच्या, म्हणजे मुख्य, तारेची वाजती लांबी कमी होते, आवाज झटकन विरतो, आणि तुझी बासरी मात्र जसजशी वर जाते तसतशी धारदार होते. तिथे तू राज्य करू शकतेस, म्हणूनच तिथे कमी वेळा जा. गेलीस तर त्यानं खाली राहावं. भांडण होतं ते मधल्या पट्ट्यात, मंद्र पंचमापासून तार षड्जापर्यंत. तिथे दोघांनी एकाच वेळी एकाच सुराभोवती फिरायचं नाही, एवढा एक नियम ठेवा.

यमनच ठेवताय हे मला आवडलं. मात्र या रागात एक जागा अशी आहे की ती मी डोळे मिटून दादाला देईन: तीव्र मध्यमावरून पंचम. बासरीवर तीव्र मध्यमाला सगळी भोकं उघडी आणि पंचमाला सगळी बंद. सहा बोटं एकदम टाकून त्या दोन सुरांमध्ये अखंड मींड काढणं किती अवघड आहे, हे मी तुला काय सांगणार. बासरीवादक पन्नालाल घोषांनी बासरीला सातवं भोक दिलं तेही खालच्या तीव्र मध्यमाच्या अडचणीपायीच. सतारीवर हीच गोष्ट एका पडद्यावर तार ओढून होते, आणि किती गोड होते! तेव्हा ‘म॑ प’चं नातं सतारीनं सांगावं. ‘नि रे ग’ तू घे. मंद्र निषादावरून षड्ज ओलांडून रिषभ आणि मग गांधारावर लांब मुक्काम, हे फुंकीत जितकं भरून येतं तितकं तारेवर येत नाही. दादाला गांधाराची मींड येत नाही असं मी म्हणत नाही, त्यानं ती या चाळीस मिनिटांपुरती तुला द्यावी असं म्हणते.

गांधारावरून आठवलं. बासरीची भोकं एकदा पडली की पडली. ओठ वळवून, फुंकीचा कोन बदलून थोडंफार सावरता येतं, बस. सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधलेले असतात, ते सरकतात. नवी बासरी आली की दोघं शांत बसून षड्ज, गांधार, निषाद एकत्र लावून बघा. तुझा गांधार केसभर इकडेतिकडे असेल तर त्यानं पडदा सरकवावा आणि गांधाराची तरफही त्याच सुराला लावावी. इथे वाकायचं त्यानं.

आता जोड (आलापानंतरचा लयीतला भाग) आणि झाला. तुमच्या कार्यक्रमात झाल्यात बासरी हरवली, कारण मला वाटतं तू दादाच्या वेगाला वेगानं उत्तर देत होतीस. हा मोह का होतो ते मी समजू शकते. आज आपण जी बासरी वाजवतो तिचं बोलणं तंतुवाद्यांच्या घरात घडलंय. पन्नालाल घोष सरोदिये बाबा अल्लाउद्दीन खाँकडे शिकले. हरिप्रसादजींना अन्नपूर्णादेवींनी शिकवलं, आणि अन्नपूर्णादेवींचं वाद्य सूरबहार. जिभेच्या आघातानं बासरीवर जोड-झाला वाजवणं त्या तालमीतून आलेलं आहे आणि एकटीनं वाजवताना ते जरूर वाजव. पण शेजारी खरी चिकारी कडाडत असताना जिभेनं तिची नक्कल केलीस तर तुझे छोटे छोटे तुकडे तिच्या खाली जाणारच. झाला सतारीचा आहे. तो रंगात आला की तू वेग सोडून दे. वरून एक लांब सूर धर, चार आवर्तनांत दोनदा बदल. त्या धावत्या ठोक्यांवर तो उभा सूर सगळ्यांना ऐकू येईल.

सवाल-जवाबातही तेच. दादानं सतारीच्या ‘दा रा दा रा’ बोलांमध्ये काही म्हटलं की हुबेहूब तेच म्हणून दाखवायची गरज नाही. लोक टाळ्या वाजवतील, पण त्यात बासरी तोतरी वाटते. त्याच्या बोलण्याचा आशय घे आणि तुझ्या भाषेत सांग. तो सोळा आघातांत जे म्हणतो ते तू एका वळणात म्हण.

आता कोजागरीची गच्ची. हा भाग दोघांनी मिळून वाचा, कारण तिथे हवामान तुमच्या दोघांना दोन दिशांना ओढणार आहे. हवा थंड झाली की बासरीचा सूर उतरतो. तारेचं उलट: थंडीत पोलाद आकसतं, ताण वाढतो आणि सूर चढतो. खोलीत जुळवून गच्चीवर गेलात आणि तापमानात दहा अंशांचा फरक पडला, तर बासरी अर्ध्या सुराच्या पाव हिश्श्याइतकी तरी खाली जाऊ शकते, आणि त्याच वेळी सतार वर गेलेली असेल. मग लोकांना काहीतरी बेसूर आहे एवढंच कळतं आणि दोष बहुतेक वेळा बासरीला मिळतो. म्हणून वाद्यं घेऊन कार्यक्रमाच्या तासभर आधी गच्चीवर जाऊन बसा. तू पाच-सात मिनिटं वाजवून बासरी गरम कर. तिचा षड्ज स्थिरावला की तानपुरा त्या षड्जाला लावायचा, मग सतार, मग तबला. आधी सतार लावून तुला तिच्याशी जुळवून घ्यायला लावलं तर तुझा अर्धा जीव ओठ वळवण्यातच जाईल. दादाच्या लांब आलापात बासरी मांडीवर पडून पुन्हा गार होईल. आत येण्याच्या आधी मिनिटभर तिच्यात आवाज न करता गरम श्वास सोडत राहा.

माईकबद्दल थोडंच. तुझा माईक फुंकरंध्राच्या थेट समोर नको, नाहीतर सुरापेक्षा वाराच जास्त ऐकू येईल. थोडा वर आणि बाजूला घे. साऊंडवाल्याला सांगा की आधी सतारीचा आवाज ठरवायचा, ती स्वच्छ ऐकू आली की तबला तिच्या खाली ठेवायचा, आणि बासरी सगळ्यात शेवटी, लागेल तेवढीच वर आणायची. बहुतेक ठिकाणी हा क्रम नेमका उलटा होतो. दादाला तुझा आवाज त्याच्या मॉनिटरमध्ये कमी हवा असेल तर खुशाल कमी करू द्या, त्याचं मन मोडू नकोस; पण तुझ्या मॉनिटरमध्ये त्याची सतार भरपूर असू दे. त्याची मींड कधी संपली हे तुला ऐकूच आलं नाही तर तू थांबणार कशी?

आता दादाशी बोलण्याबद्दल. तो मोठा आहे, तयारीत पुढे आहे, आणि लोकांनी त्याच्यासमोर “बासरीच ऐकू आली” असं म्हटलं. त्याला लागलं असणार. “मी जपूनच वाजवत होते” हे वाक्य आता पुन्हा उच्चारू नकोस. त्याऐवजी फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला, श्रोता बसेल तिथे ठेवून रियाज मुद्रित कर आणि दोघं मिळून ऐका. जिथे त्याची मींड बुडली तिथे तूच आधी बोट ठेव. ते तू केलंस की झाल्यातल्या तुझ्या जागेबद्दल तो स्वतःहून बोलेल. जो माणूस तुझ्यासाठी सतारीची तार बदलायला तयार झाला, त्याला तुझ्याबरोबर वाजवायचं आहे. हे विसरू नकोस.

ऐकण्यासाठी एकच ध्वनिमुद्रिका सुचवते. १९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’: संतूर, बासरी आणि ब्रिजभूषण काबरांची गिटार. तिच्यामागे एचएमव्हीचे आपले ग. न. जोशी होते. ती तू शंभरदा ऐकली असशील, तरी यावेळी वेगळ्या कानानं ऐक. कोण वाजवतंय याकडे लक्ष देऊ नकोस. प्रत्येक वेळी कोण थांबलंय आणि किती वेळ थांबलंय, ते दोघं एकेका कागदावर टिपा आणि मग कागद जुळवून बघा.

बासरी याच आठवड्यात मागव. नवा बांबू ओठांना आणि बोटांना ओळखीचा व्हायला वेळ लागतो, आणि दादाला पडदे, तरफा लावायला तुझी पक्की बासरी हातात हवी. आणि तबलजींना पांढरी दोन आजच कळवा. त्या पट्टीचा तबला त्यांच्याकडे नसला तर तो मिळवायला त्यांना पुरेसे दिवस हवेत.

तुझी,
ताई